सहा महिने मी काय करत असेन

घाटकोपर, रविवार

ती. जयाताईस धाकट्या अनुपमाचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? इकडे सगळे बरे, फक्त माझ्या छातीत सारखं धडधडतंय. (फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर ठेवतेस आणि अख्खी वाडी ऐकते.)

श्रुतिकाला सातवा लागलाय. मला अमेरिकेचा व्हिसा मिळाला नसता तर पोरगी बाळंतपणात एकटी पडली असती; जावईबापूंना साधा चहा उतू न घालवता करता येत नाही. मुलाखत इंग्रजीत म्हणून महिनाभर स्टेशनजवळच्या क्लासला गेले. गंधालीमॅडम आपल्या श्रुतिकाहून लहान, पण रागावतात अशा की घाम फुटतो. त्यांनी 'विल बी' शिकवलं. पुढे अमुक वेळी आपण काय करत असू ते सांगायचं आणि क्रियापदाला मागून 'इंग' जोडायचं. उद्या ह्या वेळी आय विल बी कुकिंग. मला झकास जमलं. घरात माझं इतकं विल बी सुरू झालं की हे म्हणाले, आधी आजचा भात लाव.

मग मॅडम म्हणाल्या, तिकडे काय करत असाल विचारलं तर सांगा, आय विल बी बेदिंग द बेबी. अगं, सांगू कशी? बाळ सुखरूप हातात येईपर्यंत आपल्यात साधं झबलं शिवत नाहीत, आणि मी परक्यासमोर त्याला आंघोळ घालू? मी आपली वहीची पानं उलटत बसले. मॅडमना वाटलं, बाईच्या डोक्यात शिरत नाही. तेच वाक्य दहादा लिहायला दिलं. मी बेबीच्या जागी डॉग घातला.

मुलाखतीला गोऱ्या साहेबाने नेमकं तेच विचारलं, सहा महिने तिकडे काय करत असाल? मी म्हटलं, आय विल बी सिटिंग. सहा महिने? येस सर, अँड आय विल बी स्लीपिंग. त्याने पेन खाली ठेवलं. वाट लागली म्हणून मला रडूच कोसळलं. तेव्हा शेजारची दुभाषी बाई मराठीत म्हणाली, मावशी, मुलीचं काही आहे का? (मराठी चालतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.) मी नुसता पोटावर हात ठेवला. साहेब माझ्या पिकल्या केसांकडे बघत राहिला, मग त्याला उमगलं. व्हिसा मिळाला.

तुझी,
अनु

ता. क. देवीला गाऱ्हाणं घाल. म्हणावं, अनु बाळाबद्दल काही बोललेली नाही.

आणखी ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे. श्रुतिकाला सव्वा महिना तूच पायांवर घेऊन न्हाऊ घातलंस, मी टाक्यांनी खाटेवर पडून होते. एवढंसं बाळ पायांवर कसं धरतात, मला माहीत नाही गं ताई. आणि ती तिकडे सगळ्यांना सांगतेय, आई येतेय, आईला सगळं येतं. मी जायच्या आधी तू ये.