गोगलगायीपेक्षा चाळीसपट

३ मार्च
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवणार नाही. त्या लायकीचं कुणी नाहीच.
औषधाचा रेणू प्रथिनाला चिकटतो का, हे एकेक अणू हलवून कॉम्प्युटरवर पाहायचं आहे. लॅबमधल्या बाई (मी गोगलगाय म्हणतो, कामसू, पण बुद्धी बेताची) साध्या मशीनवर सहा आठवडे घेणार. माझ्याकडे एफपीजीए बोर्ड आहे. त्यावरच्या चिपची आतली जोडणीच हवी तशी बदलता येते. चाळीसपट वेग! म्हणजे एक दिवस. साहेबांना म्हटलं, बाईंना सुरूच करू देऊ नका. ते म्हणाले, करू दे की. भित्रा माणूस.
गोगलगाय निघाली. कीव आली.

९ मार्च
जोडणीत काहीही बदललं की चिप तयार व्हायला अकरा तास. जोडणीच्या कोडमध्ये एक स्वल्पविराम चुकला. पुन्हा अकरा तास. बायकोने विचारलं, हे तास चाळीसपटात धरलेत का? भूगोलाच्या शिक्षिकेशी काय डोकं लावणार?

१७ मार्च, दुपारी ४
चाललं! एक्केचाळीसपट! साहेबांना हाताला धरून आणलं. पडद्यावर प्रथिन जरा थरथरलं आणि फुटलं. अणू दाही दिशांना. हे असंच असतं का, साहेबांनी विचारलं. म्हटलं, एवढ्या वेगात होतं. मागून गोगलगाय पुटपुटली, आकड्यांना जागा कमी पडतेय, बाहेर सांडताहेत. सांडताहेत म्हणे! ही काय शास्त्राची भाषा?

२४ मार्च
आकडे सांडत होते. मी स्वतः शोधलं. बाईंनी माझ्या कागदावर त्या ओळीला खूण केली होती, पण खूण करणं वेगळं, शोधणं वेगळं.

२ एप्रिल
आकड्यांना जागा वाढवली, तर चिप भरली. म्हणून प्रथिनाभोवतीचं पाणीच काढून टाकलं. गोगलगाय म्हणाली, शरीरात पाणी असतं ना? हिला प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायचे असतात.

८ एप्रिल
पाणी परत. वेग तीनपट. तीनपट म्हणजेही काही कमी नाही. जग चाळीसच्या मागे उगाच लागलंय. उद्यापासून निर्धाराने काम.

९ एप्रिल
डोकं दुखतंय. उद्यापासून.

१४ एप्रिल
बाईंचं काम संपलं. औषध चिकटतं, पण लगेच सुटतं. कुठल्या अणूपाशी सुटतं तेही सापडलं. आता तिथे बदल करून पाहणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात कामात होते.
माझं प्रथिन आज पुन्हा फुटलं.

१६ एप्रिल
साहेबांनी बोलावलं. नवा शर्ट घालून गेलो. म्हणाले, बोर्ड चांगला आहे, वाया घालवायला नको, सोमवारपासून बाईंकडे. मी विचारलं, आणि मी?
तुम्हीही, म्हणाले.
बाईंनी शेजारचं टेबल रिकामं करून दिलं. एक पुस्तक दिलं. पहिलं प्रकरण वाचून या म्हणाल्या, घाई नाही.
चौदा पानं आहेत. चौथ्यावर आहे.