मामीच्या नावाची बिनपंखी मादी

ती. सौ. मामीस,

वाकून नमस्कार. (वाकले ती तशीच आहे, डोंगर चढल्यापासून कंबर सरळ होत नाही.) तुझे गुडघे बरे असतील. मामाचा खोकला गेला का? हट्ट जाणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून विचारत नाही.

मी मजेत आहे, इतकी की संग्रहालयात किड्यांना टाचण्या लावतानाही एकटीच हसते. कारण ऐक. मामाने तुझं नाव दिलेली बर्फाळ डोंगरावरच्या पतंगाची ती मादी आठवते ना? बिनपंखी, गोलमटोल, दगडाखालून हलायला तयार नाही. (तेव्हा तू मामाशी अबोला धरलास, ते रास्तच होतं.) तिचा नर कधी कुणाला सापडला नाही. आणि आमच्या साहेबांनी आपल्या वडिलांचं नाव दिलेला तो चपळ करडा पतंग, त्याची मादी कुणाला सापडली नाही. डोंगर एकच, उतार एकच. पण मामा आणि साहेब, दोघे विद्वान, इतकी वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, मग सोयरीक जुळवणार कोण?

परवा साहेबांबरोबर वर गेले. झाडं संपतात त्याच्याही वर, नुसते दगड आणि शेवाळ. वारा असा की टोपी सांभाळावी की स्वतःला. तुझी नावबहीण सापडली. गारठेल म्हणून चहाच्या गाळणीत घातली, रुमाल बांधला आणि कोटाच्या खिशात ठेवली. ऊन पडलं मात्र, साहेबांचे पतंग झुंडीने माझ्या अंगावर. खिशावर, बाहीवर, नाकावर. साहेब गहिवरले. "वडिलांची पुण्याई, दुसरं काय," म्हणाले. अगं, कसली पुण्याई! खिशातल्या मादीचा वास काढत आले होते मेले. मी खडकाआड जाऊन गाळणी उघडली, तर पहिल्याच नराने तिथेच संसार थाटला.

म्हणजे प्रजाती दोन नाहीतच, जोडपं एक आहे. आणि नियम असा की आधी दिलेलं नाव राहतं. मामाचं आधीचं. साहेबांच्या वडिलांचे सगळे नर आता तुझ्या नावाने उडणार. पण मला नोकरीत कायम करायच्या कागदावर सही साहेबांची लागते. तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप. मामालाही अवाक्षर सांगू नकोस.

तुझी लाडकी (आणि अजून तरी हंगामी)
भाची

ता.क. साहेबांना सांगून टाकलं. पोटात राहीना. त्यांनी आधी दोन्ही नावांच्या तारखा पुन्हा तपासल्या. मग म्हणाले, मामाकडे घेऊन चल, नाव त्याचं राहतं हे त्याच्याच तोंडून ऐकतो.

आणखी एक ता.क. रविवारी दोघंही येतोय. कागद साहेबांच्या खिशात आहे. मामाशी बोलून मग सही करतो म्हणतात. तर मामी, एवढं मोठं पत्र वाचलंस, आता एवढंच कर: सही होईपर्यंत मामाला हसू देऊ नकोस. अगदीच आवरेना तर दूध आणायला पिटाळ, तेही लांबच्या दुकानात.