पुढच्या उन्हाळ्याची फुलं

प्रिय ऑर्विल,

उपचार ठीक चाललेत, जेवणही जातं. तू नीट जेवतोस ना? या थंडीत कोंबड्या अंडी देतात का?

काल इथल्या घरमालकीण लव्होनबाईंबरोबर रानबर्गमॉटच्या जांभळ्या फुलांचं बी पेरलं. दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन अर्धे कापून त्यांत माती भरली, वर बी भुरभुरलं. मी सवयीने वरून माती लोटायला गेले, तर त्या ओरडल्या, "अगं, पुरतेस काय त्याला! उजेड हवा असतो." मग बी तळहाताने नुसतं दाबलं आणि कॅन अंगणातल्या बर्फात ठेवले; थंडी खाल्ल्याशिवाय ते रुजत नाही म्हणे.

आता खिडकीतून ते बघत पडून असते. बर्फ हळूहळू पडत राहतो. डोळा लागला की आपल्या फाटकापाशी विस्कटल्या केसांसारखी जांभळी फुलं डोलतात आणि भुंग्यांची गुणगुण थेट उशीपर्यंत येते.

लव्होनबाई म्हणाल्या, "यंदाच्या उन्हाळ्यात नुसती पानंच येतील हं. झिनिया लाव, लगेच फुलते." मी म्हटलं, "मला पुढच्याच उन्हाळ्याची फुलं हवीत." डॉक्टर मात्र एप्रिलपलीकडचं काही बोलत नाहीत. त्यांची पद्धतच तशी असेल.

फाटकाजवळची जागा मोकळी ठेव, तिथे गवत कापायचं यंत्र फिरवू नकोस. लव्होनबाई रोपं बसने पाठवते म्हणत होत्या. मी नको म्हटलं. ती मांडीवर घेऊन मीच येणार आहे.

तुझीच,
नायला