मी हात लावला

बाबा,

तुम्ही गेल्यावर हे लिहायचं धाडस झालं. मी अकरा वर्षांची असताना गायनमास्तरांची पेटी तुमच्या सुतारकामाच्या दुकानात भाता बदलायला आली होती. "हात लावलास तर याद राख!" असं बजावून तुम्ही जेवायला गेलात, आणि मी लावलाच. एक सूर पायातल्या काट्यासारखा सलत होता. पेटी उघडून त्या सुराची आतली पितळी पट्टी कानशीने हलकेच घासली, तेव्हा तो असा लागला की मला रडूच फुटलं.

संध्याकाळी मास्तर पेटी वाजवता वाजवता थबकले. "मिस्त्री, हा सूर माझ्याच्यानंही जुळला नव्हता!"

"हाताला सवय आहे," तुम्ही मिशीला पीळ देत म्हणालात.

मी भुसा झाडत मनात नाचत होते. शाबासकी तुम्ही खुशाल घेतलीत, बाबा. मला तर जन्माचं वेड मिळालं. गेली साठ वर्षं पेट्याच सुरात लावतेय.

तुमची आगाऊ लेक