हमिंग नाही, गॅरंटी

३ नोव्हेंबर १९७४, रविवार
पुण्याच्या जुन्या बाजारातून आज दोन अँप्लिफायर आणले. इंग्लंडचा माल, काचेच्या व्हॉल्व्हचे. लोक ट्रान्झिस्टरच्या नादाने असली रत्नं भंगारात काढतात. काढोत बापडे.

ठराव: लग्नाचे आणि जत्रेचे कर्णे बंद. अठरा वर्षं वाजवले, पुरे. यापुढे फक्त हाय-फाय. जुनं घ्यायचं, नव्यासारखं करायचं, दर्दी माणसाला विकायचं. भोरात हा धंदा करणारा मीच पहिला. अठरा वर्षं माझे कर्णे झाडावर बांधणाऱ्या कोंडिबाला हे सांगितलं. त्याने मान हलवली आणि काहीतरी पुटपुटला. हल्ली फार पुटपुटतो. वय झालं त्याचं.

७ नोव्हेंबर
पहिलं मशिन तयार. कंडेन्सर बदलले, सगळ्या तारांच्या सांध्यांना कथलाचा नवा डाग दिला. मग कानाची टेस्ट. माझ्या उस्तादांनी शिकवलेली एकच टेस्ट मी मानतो. तबकडी लावायची नाही. आवाज पूर्ण वाढवायचा आणि स्पीकरच्या कापडाला कान लावायचा. आत गुणगुण आली, म्हणजे हमिंग. मशिन पुन्हा उघडायचं. काहीच आलं नाही, तर विकायला मोकळे.

काहीच आलं नाही. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पूर्वी एकेका मशिनमागे आठ-आठ दिवस जायचे. आता पहिल्या झटक्यात पास. हात बसला म्हणतात तो हा.

१४ नोव्हेंबर
दिवाळी. यंदाचे फटाके अगदीच फुसके. दारू कमी भरतात आणि भाव वाढवतात. सगळीकडे क्वालिटी गेली.

२० नोव्हेंबर
पाटी रंगवून आणली. "साहेबराव हाय-फाय. हमिंग नाही, गॅरंटी." बायको, लीलाबाई, बराच वेळ पाटीकडे बघत उभी होती. तिला अभिमान वाटला असावा.

पहिलं मशिन वेल्ह्याच्या डॉक्टरांनी नेलं. सज्जन माणूस. पण फार हळू बोलतो. लीलाबाई मध्ये उभी राहून त्यांचं प्रत्येक वाक्य मला पुन्हा मोठ्याने सांगत होती. ही तिला नवीनच खोड लागली आहे. गिऱ्हाइकापुढे बरं दिसत नाही. एकदा सांगायला हवं.

२९ नोव्हेंबर
डॉक्टर मशिन परत घेऊन आले. म्हणे हमिंग येतं. मी त्यांच्यासमोर टेस्ट केली. कापडाला कान लावला. शांत! ते माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या मागे गेले. मला वाटलं, फळीवरची मशिनं बघताहेत. लीलाबाईने कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "अवं, डाक्टर तीनदा हाका मारत्यात."

वेल्ह्याची हवा दमट. मशिनमध्ये ओल शिरली असणार. पैसे परत दिले. जाताना त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली. पुण्यातल्या एका मोठ्या डॉक्टरांच्या नावाने. कानाचे डॉक्टर! कानाच्या डॉक्टरपेक्षा दर्दी गिऱ्हाईक दुसरं कोण? मशिन परत केलं तरी माणसाने शिफारस केली. हा खरा मोठेपणा. चिठ्ठी वहीत ठेवली आहे.

११ डिसेंबर
लीलाबाई रुसली आहे. भाकऱ्या थापताना ती कायम गाते. आमचं लग्न झाल्यापासून, एक दिवस खाडा नाही. आता कित्येक दिवस झाले, गात नाही. माझं काय चुकलं? विचारायचा धीर होत नाही. तिच्यासाठी बाजारातून बांगड्या आणल्या. हसून घातल्या, पण गाणं नाहीच.

२ जानेवारी १९७५
नवीन वर्षाचे ठराव. (१) महिन्याला दोन मशिनं विकायची. (२) रागवायचं नाही. (३) कोंडिबाला स्पष्ट बोलायला लावायचं.

आज किकवीच्या फाट्यावर रस्ता ओलांडत होतो. एकाएकी कोंडिबाने गचांडी धरून मागे ओढलं. समोरून एसटी गेली, हातभर अंतरावरून. हॉर्न नाही, काही नाही. मी डेपोत तक्रार करणार म्हणालो. कोंडिबाने माझ्या तोंडासमोर तोंड आणलं. "अरं साहेबराव, फाट्यावरली समदी मान्सं वळून बघत हुती, येवढा हार्न वाजीवला त्यानं!"
उगाच ड्रायव्हरची बाजू घेतो. त्याचा मेहुणा एसटीत आहे.

घरी येईपर्यंत मात्र कोंडिबाच्या मागेमागेच चाललो.

१९ जानेवारी, रविवार
मोठा दिवस! वरवे बुद्रुकचे आनंदराव, निवृत्त हेडमास्तर, यांना दुसरं मशिन पसंत पडलं. घरी शंभरेक तबकड्या आहेत. पुढच्या रविवारी त्यांच्या ओसरीवर चार माणसांसमोर वाजवून दाखवायचं. पुण्याचेही दोघं येणार. जमलं तर पुण्यात नाव होईल. लीलाबाईला म्हणालो, तुला पुण्याचं लुगडं घेतो. ती नुसती माझ्या गालावरून हात फिरवून आत गेली. हे तिचं काही कळत नाही.

२६ जानेवारी, रविवार
वरव्याला जाऊन आलो. सगळं लिहून ठेवतो.

तबकडी लावली. आवाज मला दबका वाटला, तार सप्तक तर गायबच. व्होल्टेज कमी असणार. म्हणून वाढवला. बारीक सूर उघडायचं बटणही पूर्ण फिरवलं. तेव्हा कुठे गाणं जिवंत झालं! लोकांवर परिणाम विलक्षण. आनंदरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुण्याच्या एका पाहुण्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. घरातल्या म्हाताऱ्या ठकुबाई तर पदर कानांवर दाबून अंगणात निघून गेल्या. गाण्याने इतकी हललेली माणसं मी आजवर पाहिली नव्हती. सोबत आलेल्या कोंडिबाने मध्येच येऊन आवाज कमी केला. अडाणी. अठरा वर्षं माझ्याबरोबर कर्ण्याखाली बसला, पण माझ्यासारखे कान काही त्याचे तयार झाले नाहीत.

मशिन तिथेच ठेवून आलो. सौदा झाल्यात जमा.

२८ जानेवारी
मशिन एसटीच्या टपावरून परत आलं. सोबत आनंदरावांची चिठ्ठी. अक्षर सुंदर. "हमिंग फार आहे, आवाज कर्कश आहे. राग नसावा. प्रकृतीची काळजी घ्यावी." माझ्या प्रकृतीचा इथे काय संबंध?

लीलाबाईला विचारलं, तुला येतं का ऐकू हमिंग? ती म्हणाली, "न्हाई वो. कायबी न्हाई येत." बघा. घरचा माणूस खोटं कशाला बोलेल?

९ फेब्रुवारी
मशिन पाचव्यांदा उघडलं. दोष नाही. पाचव्यांदा बंद केलं. एकही गिऱ्हाईक नाही. पाटी बघून एक जण आत आला होता. काय हवं ते चारदा विचारलं, त्याने चारदा सांगितलं असावं. गेला.

ठराव: शेवटचा उपाय. पुण्याच्या कानाच्या डॉक्टरांना मशिन दाखवायचं.

१८ फेब्रुवारी, पुणे
डॉक्टरांना मशिनमध्ये रस नव्हता. पिशवीतून काढूही दिलं नाही. चिठ्ठी वाचली आणि मला एका छोट्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले. काचेपलीकडून ते बटणं दाबत होते. माल परदेशी, पण हेडफोन बिघडलेला. दोनदा बारीकशी शिट्टी आली, बाकी काही नाही. मी म्हणालो, कुठेतरी डाग सुटलाय, पाच मिनिटांत दुरुस्त करून देतो. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. वेल्ह्याचे बघत होते तसेच.

मग त्यांनी एक आलेख काढला. रेघ जिन्यासारखी खाली उतरत गेलेली. मशिनचे बारीक सूर गेले की आलेख असा येतो, हे मला माहीत आहे. मी म्हणालो, हे मशिन कामातून गेलेलं आहे. डॉक्टरांनी आलेखाच्या डोक्यावर माझं नाव लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. कर्ण्याखाली किती वर्षं बसलात, असं खाली लिहून विचारलं. मी अठरा लिहिलं.

परतीच्या एसटीत माझ्याशी कुणी बोललं नाही. बोललंही असेल.

२३ फेब्रुवारी, रविवार
पुण्याचे डॉक्टर चुकले असतील म्हणून सकाळी पुन्हा टेस्ट केली. आवाज पूर्ण वाढवला, कापडाला कान लावला. शांत. दुसरा कान लावला. शांत.

लीलाबाई चुलीपुढून उठून आली. हाताला पीठ तसंच. तिने माझं डोकं हळूच बाजूला केलं आणि माझा तळवा स्पीकरच्या कापडावर ठेवला. कापड थरथरत होतं. एकसारखं. हात काढावा आणि पुन्हा ठेवावा, तरी थरथरतच होतं.

मी विचारलं, कधीपासून? ती कानाशी तोंड आणून म्हणाली, "मागल्या जत्रंपासनं." मग मला सांगितलं का नाहीस? "कसं सांगायचं वो? कान म्हंजी तुमचा जीव." एवढं बोलून रडायला लागली. मीही रडलो. लपवायचं काय त्यात.

मशिन बंद केलं. स्टूल घेऊन पाटी उतरवली, भिंतीकडे तोंड करून ठेवली.

ती पुन्हा भाकऱ्या थापायला बसली. मी म्हणालो, झालं ते झालं, आता तरी रुसवा सोड, गात जा पूर्वीसारखी. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. सावकाश, ओठ मोठे करून म्हणाली, "बंद कवा केलं? रोजच गाते की."

मी तिच्या मागे जाऊन बसलो. पाठीवर तळवा ठेवला.

गात होती. कोणतं, ते कळलं नाही.