खंडाळ्याखालचा सांधा

कर्जत,
ता. ९ सप्टेंबर १९६२

तीर्थरूप कोंडाजीमामांस,
गेणूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. आम्ही सर्व खुशाल. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड सुरू आहे, तेव्हा प्रकृती बरी समजावी.

एक काम निघालंय. पुढच्या वर्षी बोरघाटाच्या रेल्वेला शंभर वर्षं होतात. कचेरीनं पुस्तिका काढायचं ठरवलं आणि घाटातलाच माणूस म्हणून मला जुंपलं. जुनी वाफेच्या गाड्यांची वाट, इंजिन उलट्या तोंडाला लावायचं ते खालचं स्टेशन, हे सगळं तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. ती वाट मोडली तेव्हा मला चड्डीही धड घालता येत नव्हती.

जुन्या कागदांत बाबांचा अपघात सापडला. १९२६ साल. मालगाडी कॅच साइडिंगमध्ये गेली, फायरमन भिमाजी ठार. कारण असं, की ड्रायव्हर अल्लाबक्ष यांनी शिट्टी दिली नाही. जबाब सांधेवाला कोंडाजी यांचा. मामा, त्या सांध्यावर तुम्ही होता हे मला छत्तिसाव्या वर्षी कागदातून कळावं? आईला विचारलं तर ती उठून न्हाणीत गेली. विधवेनं ओवाळू नये म्हणून ती भाऊबिजेला तुमच्याकडे येत नाही, पण शेजारची अंबूबाई विधवा असून भावाला ओवाळते. मला आता वेगळीच शंका येते. घडलं तसं लिहा, छापायचं आहे.

लोभ आहेच, तो या प्रश्नानं कमी होऊ नये.
आपला भाचा,
गेणू


औंढे,
ता. १८ सप्टेंबर १९६२

चि. गेणूस अनेक आशीर्वाद. इकडे भात पोटरीला आलंय. तुझी मामी विचारते, कचेरीत काम करायला पगार देतात की चौकश्या करायला?

रीत सांगतो. घाट उतरताना गाडी हातातून निसटली तर थांबणार कुठं? म्हणून बाजूला डोंगरावर चढणारा फाटा काढलेला, शेवटाला वाळू. त्याला कॅच साइडिंग म्हणायचे. सांधा कायम त्या फाट्याकडेच लावलेला. गाडी ताब्यात असली की ड्रायव्हर लांबूनच ठरलेली शिट्टी द्यायचा. मग सांधेवाल्यानं दांडा ओढून सांधा फिरवायचा आणि गाडी खालच्या स्टेशनाकडे सोडायची. शिट्टी नाही, तर गाडी फाट्यावर. एवढं छाप.

बाकी जबाबात आहे ते आहे. तुझ्या आईला त्यात ओढू नकोस. कागद जुना झाला, मीही झालो.

घरच्यांना जप, आम्हांला विसरू नकोस.
कोंडाजीमामा


कर्जत,
ता. ३० सप्टेंबर १९६२

तीर्थरूप मामांस शि. सा. नमस्कार. वि. वि. अल्लाबक्ष ड्रायव्हरांचा फोटो मिळतो का पाहायला काल लोणावळ्याला गेलो होतो. त्यांच्या मुलाची, इकबालची, बाजारात बेकरी आहे. त्यानं मला नानकटाई दिली, पैसे घेतले नाहीत. म्हणाला, नोकरी गेल्यावर अब्बा याच भट्टीपुढे म्हातारे झाले आणि मरेपर्यंत एकच सांगत राहिले, की शिट्टी मी दिली होती. असंही म्हणाला, की तुमचे मामा दर बाजाराला इथून जातात, पण मान कधी वर करत नाहीत.

मजकूर आठ दिवसांत छापखान्यात जाईल. त्यांनी शिट्टी दिली नाही, असं छापू का?

उत्तराची वाट पाहतो. रागावला असाल तरी लिहा.
गेणू


औंढे,
ता. ४ ऑक्टोबर १९६२

चि. गेणूस आशीर्वाद. छापू नकोस. शिट्टी झाली होती.

त्या सकाळी पॅसेंजर मी खाली सोडली. बाळंतपण उरकून तुझी आई सासरी निघालेली. माझ्या टपरीपाशी आल्यावर तिनं तुला दोन हातांवर उचलून खिडकीतून दाखवलं. तू दोन महिन्यांचा, टोपडं डोळ्यांवर आलेलं. ती गाडी खाली इंजिन बदलायला उभी राहिली आणि मागून मालगाडी आली. अल्लाबक्षभाईंनी शिट्टी दिली, ठरलेली, अगदी नीट. माझे हात दांड्यावर. पण ब्रेक धरलेल्या चाकाचा जो किरकिराट असतो, तो मला ऐकू येईना; वाटलं, गाडी निसटली, आता खाली तुमच्यावर जाणार. नियम शिट्टीचा होता, माझ्या कानाचा नव्हता. भिमाजीदाजी त्याच इंजिनावर आहेत हे मला ठाऊक होतं. मी दांडा ओढला नाही. इंजिन वाळूत रुतलं, मागचे डबे चढले आणि दाजी कोळशाखाली गेले.

शिट्टी ऐकली म्हटलं असतं, तर नियम मोडला म्हणून मला काढलं असतं. मी भ्यालो. ऐकलीच नाही म्हणालो आणि भल्या माणसाची भाकरी घालवली.

गाडी खरंच निसटली होती का, मला आजही माहीत नाही. खाली तुम्ही दोघं नसता तर मी सांधा फिरवला असता का, तेही माहीत नाही. छत्तीस वर्षं दांडा हातात धरून उभा आहे असं वाटतं. हे पत्र तुझ्या आईला वाचून दाखव. ती म्हणेल ते मला मान्य.

आशीर्वाद द्यायचा हक्क उरला असेल तर तो घे.
कोंडाजी


कर्जत,
ता. १० ऑक्टोबर १९६२

कोंडाजीदादास झुंबरचा नमस्कार. गेणू लिवतोय, मी सांगतेय.

शिट्टी मी बी ऐकली व्हती. गाडी खाली उभी, पोर मांडीवर. अल्लाबक्षभाई शेवट जरा लांबवायचे. कारभारी घरी यायचे ते त्याच शिट्टीमागनं. ती मला वळखायची न्हाई व्हय? सायबानं चौकशीला मला बी बोलावलं व्हतं. तू न्हाई म्हणालास आन् मी गप बसले. नवरा गेला, आता भावाची भाकर नगं जायाला, एवडंच मनात. म्हंजी खोटं आपण दोगांनी केलं. तुझ्याम्होरं आले असते तर ते बोलावं लागलं असतं, म्हून ओवाळू नये ह्ये निमित केलं. कारभाऱ्यांसाठी मी लय रडले, पर सांदा का न्हाई फिरवलास म्हून तुझा राग कदी आला न्हाई. पोर मांडीवर असल्यावर यील कसा?

गेणू पुस्तकात शिट्टी झाली म्हून छापणार हाय. पर छापल्यानं भागत न्हाई. भाऊबिजेला सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला येते. तू टेशनात येऊ नगं, इकबालच्या बेकरीम्होरं उबा ऱ्हा. आदी दोगं आत जाऊ आन् मान वर करून त्याला सांगू. ओवाळायचं ताट मी संगं आणतेय. त्यानं ऐकून घेतलं तर तितंच त्याच्या दारात तुला ओवाळीन. न्हाई घेतलं, तर ताट तसंच झाकून माघारी नेईन.

माया व्हती तशीच हाय.
झुंबर