तलावाच्या शेपटाकडचं घर

४ मार्च
नदीकाठचं घर आजपासून माझं! बाबांनी सह्या केल्या. टेकडीवरचं दादाला, हे मला. "तुझा जीव तिथेच रमतो," म्हणाले. मला रडूच आलं. आता शिलाईची मशिनं पुढच्या खोलीत, कापायचं टेबल खिडकीशी. ह्यांना सांगितलं तर नुसतं हूं! धरणाच्या तलावातला गाळ मोजता मोजता शब्दही मोजायला लागलेत.

१९ मार्च
रंग लावून झाला. पिवळा. दादा विचारतोय, घराला कावीळ झाली का?

२ एप्रिल
मागच्या पायरीवर चहा घेत होते, तर नदीच्या मधोमध बगळा उभा! लहानपणी तिथे बुड्या मारायचो, तळ लागायचा नाही.

३ एप्रिल
जेवताना ह्यांना बगळ्याचं सांगितलं. आधी टाळाटाळ. मग ताट सरकवलं आणि बोलले.

वीज बनवायला खाली धरणात पाणी अडवलंय. नदी तलावात शिरते तिथेच मंदावते, आणि गाळ तिथेच बसतो — म्हणजे माझ्या घरासमोर. धरणाचे खालचे दरवाजे उघडले की त्याच्या भिंतीजवळचा गाळ वाहून जातो, इथला जागचा हलत नाही. तळ इतका वर आलाय की पुढच्या मोठ्या पुरात पाणी खिडकीतून आत येणार. आणि ह्यांची मोजणीची होडी फिरते फक्त भिंतीजवळ, खोल पाण्यात! साहेबांना तेवढंच हवं असतं. वर कळवतात, सगळं आलबेल.

केव्हापासून माहीत आहे, विचारलं. गेल्या पावसाळ्यापासून म्हणे.

आणि मला रंग लावू दिला! शिडी ह्यांनीच धरली होती. परक्याने फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. ह्यांचं काय करू?

४ एप्रिल
अबोला. डबा दिला नाही.

६ एप्रिल
ह्यांनीच तोंड उघडलं. गप्प राहायची शपथ घातली होती म्हणे. कोणी, ते सांगेनात. साहेबच असणार! बायकोपेक्षा साहेब जवळचा.

उद्या बाबांकडे जाते. त्यांना काय वाटेल, ह्याच काळजीने जीव खालीवर होतोय. मोठ्या मायेने दिलंय त्यांनी.

७ एप्रिल
शपथ बाबांनी घातली होती. सह्यांच्या आधी, ह्यांनी त्यांना गाळाचं सांगितलं तेव्हाच.

"दादाला लेकरं आहेत गं," म्हणाले. "तुम्ही काय, दोघंच."